रोड बाइकची फ्रेम: ५४ मागवू की ५६ घेऊन टाकू?

ए-७०२: नमस्कार मंडळी. पहिलीच रोड बाइक घेतेय. उंची १७० सेंमी. दुकानात ५६ साइज तयार आहे, ५४ मागवावी लागेल. दुकानदार म्हणतो, "सीट खाली केली की झालं, चालून जाईल." घेऊ का?

सी-१०१: मोठीच घे गं. आमच्या धाकट्याला मोठी घेतली होती, चांगली पुरली.

बी-३०४: काका, त्याची उंची वाढत होती म्हणून पुरली. हिची आता वाढायची नाही. ए-७०२, थांब जरा. सीट खाली केल्याने पाय पोचतील, पण हँडल तिथेच लांब राहणार, त्याचं काय? मी अशीच "चालून जाईल" म्हणून एक साइज मोठी घेतली होती. तासाभरात तळहात बधिर व्हायचे, मानेत कळ यायची. सीट पुढे सरकवली तर गुडघे दुखायला लागले. १०० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) काढून ८० चा लावला, तरी अंग ताणलेलंच. शेवटी सायकल विकली.

ए-७०२: बाप रे. मग बघायचं काय, ताई?

बी-३०४: आधी पाय मोज. अनवाणी, भिंतीला पाठ, पावलांत १५-२० सेंमी अंतर. एक जाड पुस्तक पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धर, त्याची कड भिंतीला सपाट टेकलेली हवी. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप. तीनदा घे, एकदा घेतलेल्यावर विसंबू नकोस.

ए-७०२: ८२, ८२, ८१.५

बी-३०४: म्हणजे उंचीच्या मानाने पाय लांब, धड आखूड. हे फार महत्त्वाचं आहे. ८२ ला ०.८८३ ने गुण, साधारण ७२.४ सेंमी. क्रँकच्या (पेडल लावलेल्या दांड्यांच्या) मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत इतकी उंची. ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखला जाणारा हिशोब आहे. यापासून सुरुवात करायची, मग चालवून बघत थोडं वर-खाली.

डी-२०५: मी ऐकलंय की पायाचं माप गुणिले ०.६७ म्हणजे फ्रेम. ५५ येतं की! मग ५६ काय वाईट?

बी-३०४: दादा, तो नियम वरचा दांडा आडवा सरळ असायचा तेव्हाचा. तेव्हा फ्रेमवरचा आकडा म्हणजे खरोखर सीट ट्यूबची (सीटखालच्या उभ्या नळीची) सेंमीमधली लांबी असायची. आता दांडा मागे उतरता असतो, सीट ट्यूब त्याहून बरीच आखूड निघते, ५४ हे नुसतं नाव उरलंय. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४ शी जुळेलच असं नाही. आणि त्या नियमाला धडाचा पत्ताच नाही. लांब पाय बघून तो लांब फ्रेम देतो, आणि हिचं धड आखूड. नेमकी चूक तिथेच होते.

ए-७०२: मग आकडा कुठला बघू?

बी-३०४: दोन. स्टॅक आणि रीच. क्रँकच्या अक्षापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंत सरळ वर किती तो स्टॅक, आडवं पुढे किती तो रीच. प्रत्येक कंपनीच्या मापांच्या तक्त्यात असतात. तुझ्या मनात असलेल्या दोन्ही सायकलींचे टाक बरं.

ए-७०२: पहिली (रेसिंगची), ५४: स्टॅक ५४५, रीच ३८५. ५६: ५६५ आणि ३९२.
दुसरी (एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची), ५४: ५७५ आणि ३७५. सगळं मिमी.

बी-३०४: आता नीट बघ. नुसते रीच शेजारी ठेवून तुलना करायची नाही, स्टॅक सारखा करून करायची. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे स्पेसर (स्टेमखालच्या चकत्या) घालून हँडल १० मिमी वर नेलं की ते जवळजवळ ३ मिमी मागेही येतं. पहिली ५४ तीस मिमी वर नेली तर रीच ३८५ वरून ३७६. दुसरीच्या जवळपास तेच! पण तिथे तीस मिमी स्पेसर संपले. कार्बनच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या भागावर) बहुतेक वेळा त्याच सुमाराला मर्यादा येते. दुसरीत तीच जागा स्पेसर न घालता मिळते, वर आणखी वाव उरतो. लांब पायांमुळे तुझी सीट उंच जाणार, तो वाव तुला लागेल.
५६ ला १० मिमी घातले तर ३८९. दुसरीपेक्षा चौदा मिमी लांब. ती नकोच.

डी-२०५: हे पटलं. मला वाटायचं रेसिंग आणि एन्ड्युरन्स म्हणजे नुसता जाहिरातीतला फरक.

ई-४०१: ए-७०२, कुणाची सायकल चालवून आरामात वाटली आहे का? असेल तर ती मोज. सपाट जमिनीवर मागचं चाक भिंतीला टेकवून सरळ उभी धर. भिंतीपासून क्रँकचा अक्ष आणि भिंतीपासून हेड ट्यूबचा माथा, फरक म्हणजे रीच. जमिनीपासून त्याच दोन जागांची उंची, फरक म्हणजे स्टॅक. दोघं जण लागतात. मी आमच्या घरची अशीच मोजली.

ए-७०२: मावसभावाची चालवते कधीकधी, छान वाटते. संध्याकाळी मोजते.

(संध्याकाळी)

ए-७०२: भिंतीपासून ७४.५ आणि १११.८. जमिनीपासून २७ आणि ८४.७. म्हणजे रीच ३७३, स्टॅक ५७७!

बी-३०४: टेपने मोजताना दोन-चार मिमी इकडेतिकडे होतातच. दुसरी ५४, डोळे मिटून. त्या सायकलचा स्टेम किती लांब आहे तेही बघून ठेव, दुकानात तेवढाच सांग. आणि सायकल आली की दुकानात फोर्कची नळी आणखी आखूड कापू देऊ नकोस. निदान दोन-तीन आठवडे स्पेसर वर-खाली करून चालव.

सी-१०१: ५६ ला सरळ नाही म्हण आता.

ए-७०२: म्हटलं काका. ५४ मागवली. स्टेम ९० चा आहे, तसाच सांगितला.