मदत हवी आहे : अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडमधला बंध नेमका कोणता?

खानापूरचा पालक
मुलीची उद्या रसायनशास्त्राची चाचणी आहे, त्यामुळे उत्तर आजच हवे आहे. धातू इलेक्ट्रॉन देतो, अधातू तो घेतो आणि त्यातून आयनिक बंध तयार होतो, असे ती आजवर शिकत आली. आता मात्र अ‍ॅल्युमिनियम फ्लुओराइड आयनिक आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड सहसंयुज (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून बंध झालेले) असल्याचे तिला सांगण्यात आले आहे. धातू तोच, संयुजा तीच आणि दोन्ही अधातू एकाच गणातले असताना बंध वेगळा का व्हावा? ‘नियमाला अपवाद असतात’ या उत्तराने तिचे समाधान झालेले नाही आणि माझेही नाही. कृपया कारण सांगावे.

निपाणी मास्तर
मुलगी एसएसएलसीला (दहावी) आहे की पीयूसीला (अकरावी-बारावी)? शिवाय प्रश्न कोरड्या, निर्जल क्लोराइडविषयी आहे की त्याच्या पाण्यातल्या द्रावणाविषयी? या दोन गोष्टी कळल्याशिवाय दिलेले उत्तर तिला चुकीच्या दिशेने नेऊ शकते.

टिळकवाडी
इतक्या चौकशीची गरज नाही. पॉलिंगच्या मापनश्रेणीवर अ‍ॅल्युमिनियमची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) १.६१, क्लोरिनची ३.१६ आणि फ्लुओरिनची ३.९८ आहे. पहिल्या जोडीतला फरक १.५५ आणि दुसऱ्या जोडीतला २.३७ येतो. फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर बंध आयनिक, कमी असेल तर सहसंयुज. एवढे लिहिले तरी पुरे.

चिकोडीकर
टिळकवाडी, हा आकडा मुलांच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये हा फरक १.७८ आहे, तरीही तो पदार्थ सुमारे २० अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्याला कोणी आयनिक म्हणत नाही. उलट सोडियम हायड्राइडमध्ये फरक अवघा १.२७ असूनही तो आयनिक आहे. मुलीने कारण विचारले आहे आणि हा आकडा कारण सांगत नाही. ते रसायनशास्त्रज्ञ फायान्सने १९२३ मध्ये मांडलेल्या नियमांत सापडते. धन आयन जितका लहान आणि त्यावरचा प्रभार जितका मोठा, तितका तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ स्वतःकडे अधिक ओढतो, आणि ऋण आयन जितका मोठा, तितका त्याचा मेघ अधिक सहज विकृत होतो; यालाच ध्रुवीकरण म्हणतात. मेघ दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत सरकला, की इलेक्ट्रॉन पूर्णपणे दिला-घेतला न जाता त्याची भागीदारी होते.

हलशी
सूत्र लिहिताना दोन्ही मूलद्रव्यांच्या संयुजा तिरप्या अदलाबदल करून खाली लिहाव्यात, म्हणजे एक अ‍ॅल्युमिनियम आणि तीन क्लोरिन हे सूत्र कधीच चुकत नाही. माझ्या शिकवणीतली मुले याच पद्धतीने शिकतात.

खानापूरचा पालक
हलशी, सूत्र तिला येते. अडचण बंधाची आहे. मास्तर, ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती आणि आता पीयूसी प्रथम वर्षाला आहे. सराव प्रश्नात ‘निर्जल’ असाच शब्द आहे. ‘वितळलेल्या स्थितीत तो विजेचा मंद वाहक का असतो?’ असा उपप्रश्नही आहे.

निपाणी मास्तर
हा उपप्रश्न आधी आला असता तर चर्चा लवकर मार्गी लागली असती, कारण उत्तराचा पुरावा त्यातच आहे. चिकोडीकरांनी सांगितलेले कारण योग्य आहे. त्याला आकड्यांची जोड देतो. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर आणि प्रभार १ आहे, तर अ‍ॅल्युमिनियम आयनाची त्रिज्या सुमारे ५४ पिकोमीटर आणि प्रभार ३ आहे. फ्लुओराइड आयन १३३ पिकोमीटरचा असल्यामुळे त्याचा मेघ घट्ट बांधलेला राहतो. क्लोराइड १८१ पिकोमीटरचा असल्यामुळे तो ओढला जातो. परिणाम पाहा : मीठ ८०१ अंशांना वितळते आणि वितळल्यावर वीज चांगली वाहते, तर निर्जल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे सुमारे १८० अंशांनाच संप्लवन होते, म्हणजे ते न वितळता थेट वायू बनते. दाबाखाली ते वितळवले, तर द्रवात आयन नव्हे, दोन अ‍ॅल्युमिनियम आणि सहा क्लोरिन असलेले जोडरेणू असतात. वीज वाहून नेण्यास मोकळे आयन जवळजवळ नसतात. पाण्यात मात्र प्रत्येक अ‍ॅल्युमिनियम आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात, त्यातून भरपूर ऊर्जा सुटते आणि द्रावण वीज वाहते. म्हणूनच मी निर्जल की द्रावण, असे विचारले होते.

यमनापूर
अ‍ॅल्युमिना उद्योगातून मी निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे बाजूचे लिहितो. आमच्या यमनापूरला हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना तयार होतो. त्यापासून धातू मिळवण्याची हॉल-हेरू पद्धत १८८६ची आहे. अ‍ॅल्युमिना दोन हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळतो, म्हणून तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (अ‍ॅल्युमिनियमच्या एका फ्लुओराइड क्षारात) विरघळवून सुमारे ९५० अंशांना विद्युत अपघटन करतात. तुलनेने सहज वितळणारे क्लोराइड एकटेच का वापरत नाहीत, याचे एक कारण मास्तरांनी सांगितले तेच आहे : ते वीजच नीट वाहत नाही.

टिळकवाडी
माझा एक मुद्दा राहतो. घनस्थितीतल्या अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या स्फटिकात प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमभोवती सहा क्लोरिन असतात. वितळल्यावरच ती संख्या चार होते. मग त्याला सरसकट सहसंयुज म्हणणे कितपत बरोबर आहे?

चिकोडीकर
हा आक्षेप रास्त आहे. पूर्ण आयनिक आणि पूर्ण सहसंयुज ही दोन टोके आहेत आणि बहुतेक संयुगे त्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. तरीही दोन गुणांच्या उत्तरात ही चर्चा आणू नये.

खानापूरचा पालक
‘लहान आकार आणि मोठा प्रभार असलेला अ‍ॅल्युमिनियम आयन मोठ्या क्लोराइड आयनाचे ध्रुवीकरण करतो, म्हणून निर्जल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडमधील बंध प्रामुख्याने सहसंयुज असतो,’ असे तिने लिहिले आहे. हे चालेल का? बेरिलियम क्लोराइडलाही हेच कारण लागू होते का, असे ती विचारते आहे.

निपाणी मास्तर
उत्तर योग्य आहे. ‘प्रामुख्याने’ हा शब्द गाळू देऊ नका. बेरिलियमलाही तेच कारण लागू होते. त्याच्या आयनावरचा प्रभार २ असला तरी तो अ‍ॅल्युमिनियम आयनापेक्षाही लहान आहे. मॅग्नेशियमचा आयन मोठा असल्यामुळे मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सातशेहून अधिक अंशांना वितळते आणि वितळल्यावर वीज वाहते. तिने ही तिन्ही क्लोराइडे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.