औषधाच्या दुकानात साध्या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही. तक्रार कशी करावी?

रोजची_गोळी (प्रश्न)

माझ्या आईची थायरॉईडची आणि रक्तदाबाची औषधे आम्ही बऱ्याच काळापासून घराजवळच्या एकाच दुकानातून घेत आलो आहोत. अलीकडे मात्र तेथे जाणे अगदी जिवावर येते. चिठ्ठी पुढे केली की काउंटरवरचे गृहस्थ फोनवरचे बोलणे न थांबवता ती ओढून घेतात, निम्मीच औषधे देतात आणि उरलेल्यांसाठी "उद्या बघा" असे सांगतात. तो उद्या काही उगवत नाही. एवढे मी सोसलेही असते. परंतु गेल्या खेपेस त्यांनी थायरॉईडची नेहमीची गोळी न देता, काहीही न सांगता, दुसऱ्याच कंपनीची पट्टी पिशवीत टाकली. परत जाऊन विचारले, तर रांगेतल्या सर्वांदेखत उत्तर मिळाले, "आतले औषध तेच आहे. घ्यायचे तर घ्या, नाहीतर ठेवून जा." रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही अशी कापली होती की मुदतीची तारीख दुकानातच राहिली.

आतले औषध खरोखरच तेच असते का, आणि तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे व कोणत्या शब्दांत करावी?

स्पष्टवक्ता

सरळ दुसरे दुकान गाठावे. ज्याला गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात आपला वेळ आणि आपलाच रक्तदाब का वाढवावा?

काउंटरपलीकडून

मी स्वतः फार्मासिस्ट आहे. गर्दीच्या वेळी आमच्याकडूनही तुटक बोलले जाते, हे मान्य आहे. पण येथे घडले ते निव्वळ उद्धटपणात मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि फार्मासिस्टांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी 2011 मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये रुग्णाला औषधाविषयी माहिती व सल्ला देणे हे फार्मासिस्टच्या कामातच धरलेले आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला उत्तर देणे ही त्या गृहस्थांची मेहेरबानी नव्हती.

"आतले औषध तेच आहे" हे वाक्य अर्धेच खरे आहे. बहुतेक औषधांच्या बाबतीत कंपनी बदलल्याने काही बिघडत नाही. थायरॉईडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनचे मात्र तसे नाही, कारण त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते आणि शरीरात शोषले जाण्यातला थोडासा फरकही काही रुग्णांच्या तपासणीत दिसून येतो. म्हणूनच शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी आणि ती बदललीच, तर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. पट्टीवर 50 आहे की 100, हे तर प्रत्येक वेळी स्वतः वाचावे.

कापलेल्या पट्टीचे म्हणाल, तर अनेक पट्ट्यांवर मुदत आणि बॅच क्रमांक एकाच टोकाला छापलेले असतात. नीट काम करणारा विक्रेता दुसऱ्या टोकाकडून कापत येतो आणि तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राखतो. तुमच्या वाट्याला तारीख नसलेला तुकडा आला, तर मुदत व बॅच क्रमांक बिलावर लिहून मागावा आणि मूळ पट्टीशी तेथेच पडताळून पाहावा.

भावाची_बहीण

'दुसरे दुकान गाठा' हा सल्ला धडधाकट माणसाला सोपा वाटतो. माझ्या भावाला अपस्माराचा त्रास आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, असे आम्हाला सुरुवातीलाच बजावले होते. त्यामुळे औषधाच्या नावाखाली 'कंपनी बदलू नये' अशी ओळ आम्ही डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घेतो. मग दुकानात हुज्जत घालावी लागत नाही. ती ओळ दाखवली की पुरते.

रोजची_गोळी

चिठ्ठीवर लिहून घेण्याची सूचना फारच उपयोगी आहे. दुकानाचे मालक सहसा तेथे नसतात, म्हणून लेखी देण्याचा विचार आहे. पण रागाच्या भरात पानभर लिहिले जाईल अशी भीती वाटते. शिवाय बदललेली पट्टी आईने सुरू केलेली आहे, तिचे काय करावे?

काउंटरपलीकडून

पानभर लिहिले तर कोणी वाचणार नाही. मालकाच्या नावे इतकेच पुरे आहे: "अमुक तारखेच्या अमुक बिलावर, चिठ्ठीतील गोळीऐवजी न विचारता दुसऱ्या कंपनीची गोळी दिली गेली आणि विचारणा केली असता फार्मासिस्टकडून माहिती मिळाली नाही. यापुढे बदल करण्यापूर्वी विचारले जावे आणि कापलेल्या पट्टीची मुदत व बॅच क्रमांक बिलावर नोंदवला जावा. लेखी उत्तराची अपेक्षा आहे." बिल, चिठ्ठी आणि दोन्ही पट्ट्या यांची छायाचित्रे जोडावीत. काउंटरवरच्या माणसाच्या स्वभावाविषयी एक अक्षरही लिहू नये, कारण चर्चा लगेच त्याच्या स्वभावावर घसरते आणि गोळी बाजूला राहते. उत्तर आले नाही, तर हाच कागद औषध दुकानांना परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवता येतो.

सुरू केलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा तीच आहे ना, हे पाहून डॉक्टरांना बदल कळवावा आणि तोपर्यंत ती रोजच्याच वेळी, उपाशीपोटी घेऊ द्यावी. आई कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या घेत असतील, तर त्यांत आणि थायरॉईडच्या गोळीत किमान 4 तासांचे अंतर असावे. दुकानात हे सांगितले गेले नसणार, म्हणून येथेच सांगून ठेवतो.