पूरपत्रक बोलल्यासारखं लिहा, पण जपून

पूरसूचनांचं पत्रक बोलल्यासारखं लिहिलं की जास्त लक्षात राहतं, असं म्हणतात. अर्धं बरोबर. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये श्वसनक्रियेवरच्या छोट्या ॲनिमेशनच्या निवेदनात फक्त १२ ठिकाणी 'तुमचं' या अर्थाचा शब्द घातला. नुसतं आठवण्यात फारसा फरक पडला नाही. शिकलेलं नव्या प्रश्नाला लावण्यात मात्र 'तुमचं' ऐकलेला गट पुढे गेला. पुरात तेच तर हवं असतं.

म्हणून, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं उदाहरण घेतलं तर, 'इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट असून नागरिकांनी स्थलांतर करावे' याऐवजी: 'राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की तुमची जनावरं हलवा. ४३ ची वाट बघू नका, तोवर तुमचा रस्ता पाण्याखाली गेलेला असू शकतो.' आधी आकडा, मग काम, मग कारण. एका वाक्यात एकच काम.

बिघडतं ते 'काय भावा' छाप विनोद घुसडल्यावर (कोल्हापुरात हा मोह आवरत नाही, मान्य). लक्ष विनोदावर जातं, आकडा सुटतो. उच्चार हुबेहूब छापू नका, वाचणारा अडखळतो. आणि 'तुम्ही' प्रत्येक वाक्यात नको. 'हलवा' म्हटलं की ते आलंच.