बंगल्यासमोरच्या डांबरी वाटेवरील तेलाचे डाग आणि शेवाळ

प्रश्न
रत्नागिरीत आमच्या बंगल्याच्या फाटकापासून गाडीच्या शेडपर्यंत डांबरी वाट आहे. पावसाळ्यात तिच्या सावलीतल्या भागावर शेवाळ धरते आणि गाडी उभी राहते तेथे इंजिन ऑइलचे डाग पडले आहेत. हे डाग रॉकेलने पुसावेत असे शेजाऱ्यांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
रॉकेल मुळीच वापरू नये. डांबरी रस्त्यातले बिटुमेन, म्हणजे खडीला धरून ठेवणारा काळा चिकट पदार्थ, खनिज तेलापासूनच मिळत असल्यामुळे रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल त्याला विरघळवतात व खडी सुटी होते. साचून राहिलेले इंजिन ऑइलही हेच करते, फक्त सावकाश. ताज्या डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून तेल शोषून घ्यावे आणि मग साबणाच्या पाण्याने घासावे. पृष्ठभाग मऊ पडला असेल, तर धुण्याचा उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून नव्याने भरावा लागतो.

प्रतिसाद २
शेवाळासाठी ताठ खराटा आणि ब्लीचिंग पावडरचे सौम्य द्रावण पुरते, मात्र ते झाडांच्या मुळांकडे वाहू देऊ नये आणि त्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. उच्च दाबाचा फवारा जवळून मारल्यास खडी उखडते. सावली आणि साचलेले पाणी कायम असेल तर शेवाळ परत येणारच, म्हणून फांद्या छाटून कडेचा चर मोकळा ठेवावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एक लहान खड्डाही आहे, तो सिमेंटने बुजवावा का?

प्रतिसाद १
नको, सिमेंट डांबराला नीट धरत नाही. खड्ड्याच्या कडा सरळ कापून, तो कोरडा करून, तयार कोल्ड मिक्स (न तापवता वापरायचे खडी-डांबराचे मिश्रण) थराथराने भरावे आणि धुमसाने ठोकावे.