मदत हवी आहे : भिंतीवरचं हत्यारांचं कपाट

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत मामांच्या स्नेह्यांची घरातली सुतारशाळा पाहून आलो, अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. भुसा औषधालाही नाही! सागवानी कपाट उघडलं की दारांच्या आतल्या बाजूलाही हत्यारं. प्रत्येक पटाशीला (लाकूड तासायच्या छिन्नीला) तिच्या मापाची खाच, रंध्यांना उतरती फळी. पटाशीचं पातं कुठेच लाकडाला घासत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

मलाही तसंच करायचंय, ४ बाय ३ फुटांचं. एकेका दारावर १०-१२ किलो भार येईल. ३ साध्या बिजागऱ्या पुरतील की पूर्ण उंचीचं पियानो हिंज (एकसलग लांब बिजागरी) लावू? शिवाय घर कृष्णेकाठी, पावसाळ्यात पात्यांवर गंज चढतो. मशीनचं तेल लावतोच. कपाटात कापूर ठेवून कुणाला फरक पडलाय का? आणि सांगली-मिरजेत नीट वाळलेलं सागवान कुठल्या वखारीत मिळेल?