प्रतिसाद : शोधातले भाडे आणि प्रत्यक्ष तिकीट

बेळगावच्या प्रवास एजन्सीच्या संकेतस्थळावर सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते बेंगळुरू विमानाचे भाडे शोधयादीत एक दिसते आणि पैसे भरताना दुसरेच लागते, हा एपीआयचा (संकेतस्थळाला तिकीट प्रणालीशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअर दुव्याचा) दोष आहे का, असे वर विचारले आहे. माझ्या मते हा दोष नव्हे. शोधाचे उत्तर पुष्कळदा आधी साठवलेल्या माहितीतून येते, म्हणून ग्राहकाने विमान निवडल्यावर भाडे पुन्हा तपासणारी स्वतंत्र विनंती पाठवावी आणि फरक आढळल्यास त्याची संमती घेतल्याशिवाय पैसे कापू नयेत.

खरी जोखीम त्यापुढे आहे. अमेडियस किंवा सेबरसारख्या विमान तिकिटांच्या वितरण प्रणालीत पीएनआर (आरक्षणाचा संकेतांक) मिळणे म्हणजे तिकीट निघणे नव्हे. १३ अंकी तिकीट क्रमांक येईपर्यंत ते आरक्षण मुदत संपताच रद्द होऊ शकते. मध्येच संपर्क तुटला, तर तीच विनंती डोळे झाकून पुन्हा पाठवू नये, आधी आरक्षणाची स्थिती विचारावी, अन्यथा एकाच प्रवाशाची दोन तिकिटे निघतात.

नावाच्या रकान्याकडे मात्र आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. मराठी ग्राहकाच्या ओळखपत्रावर बहुधा आडनाव असते, पण अनेक कन्नड ग्राहकांच्या नावासोबत केवळ आद्याक्षरे असतात, आणि आडनावाचा रकाना रिकामा ठेवलेला बऱ्याच एपीआयना चालत नाही. एकेरी नावाबाबत प्रत्येक विमान कंपनीचा नियम निराळा असल्याने तो प्रणालीतच बसवावा, काउंटरवरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नये.

शोधात जवळचे हुबळी आणि कोल्हापूर विमानतळही दाखवावेत. गोव्याचे मोपा व दाबोळी या विमानतळांचे कोड मात्र वेगळे, अनुक्रमे जीओएक्स आणि जीओआय, असल्याने दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत.