मदत हवी आहे: नोकरी करता करता माहिती प्रणालीत डॉक्टरेट – अर्जातला निबंध कसा लिहू?

नमस्कार मंडळी,

धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पुढच्या महिन्यात अर्ज भरायचाय आणि गाडी एकाच ठिकाणी अडून बसली आहे, म्हणून शेवटी लिहितेय.

मी ४६ वर्षांची. बी.एससी. आणि एम.सी.ए. महाराष्ट्रातून, गेली १७ वर्षं अमेरिकेत, पिट्सबर्गला. त्यातली ११ एका रुग्णालयाच्या आयटी विभागात, रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रणालीवर. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. मुलगी आता कॉलेजात गेली, संध्याकाळ माझी मला मिळायला लागली आहे.

इथे विमानतळाच्या बाजूला, मून टाउनशिपमध्ये रॉबर्ट मॉरिस विद्यापीठ आहे. १९२१ मध्ये हिशेबनिसांची शाळा म्हणून सुरू झालं, २००२ मध्ये विद्यापीठ झालं. तिथे माहिती प्रणाली आणि संवाद या जोडविषयात डी.एससी. (डॉक्टर ऑफ सायन्स) करता येते. अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठीच आखलेला आहे, एक तुकडी एकत्र सुरू होते आणि एकत्रच पुढे जाते. कार्नेगी मेलन आणि पिट (पिट्सबर्ग विद्यापीठ), दोन्हीकडे या विषयाच्या जवळची पीएच.डी. आहे, पण ती पूर्णवेळ. पगार सोडून विद्यावेतनावर राहणं आज मला शक्य नाही.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "अगं, डी.एससी. तर पीएच.डी.च्या नंतर देतात ना?" भारतात तसंच आहे, त्यामुळे त्यांचं चुकलं नाही. त्यांना सांगितलं की इथे ही व्यावसायिक डॉक्टरेट आहे, कामातला प्रश्न घेऊन त्यावर रीतसर संशोधन करायचं.

आता अडचण. अर्जासोबत निबंध द्यायचाय: का करायचंय आणि कशावर करायचंय. पहिला खर्डा लिहिला त्यात मी राबवलेले सगळे प्रकल्प आले. मुलीने वाचला आणि म्हणाली, "आई, हा तुझा रेझ्युमे झाला." खरंच तसा झाला होता.

मला जे करायचंय ते एका प्रसंगातून आलंय. तीन वर्षांपूर्वी नवीन स्क्रीन बसवल्यावर मी एका वॉर्डात मदतीसाठी उभी होते. एक अनुभवी नर्स होती. तिच्या पँटच्या मांडीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा लावलेला आणि त्यावर बॉलपेनने बारीक अक्षरात खोली क्रमांक, रक्तदाब, कुणाला कधी वेदनाशामक दिलं. दिवसभर ती पट्टीवरच लिहीत होती. संध्याकाळी पावणेसातला संगणकासमोर बसून पट्टी बघत बघत सगळं भरलं. सात वाजता रात्रपाळीची नर्स आली, तेव्हा स्क्रीन उघडाच होता, पण दोघी बोलल्या त्या पट्टीकडे बोट दाखवून. मग तिने पट्टी सोलली, चुरगाळली आणि डब्यात टाकली.

आमच्या अहवालात तो वॉर्ड 'नोंदी १०० टक्के पूर्ण' दाखवत होता.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. माहिती आमच्या प्रणालीत असते, पण माणसं एकमेकांना ती देतात दुसऱ्याच वाटेने. ती वाट का लागते? आमच्या स्क्रीनमध्ये काय कमी आहे म्हणून? हे संशोधनाच्या भाषेत कसं मांडू, ते सुचत नाहीये. निबंधात अनुभव किती आणि प्रश्न किती, हाच मुख्य प्रश्न.

आणखी दोन छोटे:
शिफारसपत्रं कुणाची घ्यावीत? एम.सी.ए.चे सर केव्हाच निवृत्त झाले.
गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. भारतातल्या पदव्यांचं इथे मूल्यांकन करून घ्यायचं, त्या वेळी हे अडतं का?

प्रतिसाद १

ताई, मी दुसऱ्या राज्यात अशीच व्यावसायिक डॉक्टरेट केली, चार वर्षांपूर्वी संपली. प्रकल्पांची यादी काढून टाका, ती रेझ्युमेत असतेच. निबंधाची सुरुवात पट्टीपासून करा. वाचणाऱ्या प्राध्यापकांना तीन गोष्टी हव्या असतात: प्रश्न खरा आहे का, तो तुमच्या हातात येण्यासारखा आहे का, आणि आधी कुणी काय केलंय ते तुम्ही शोधलंय का.

तिसऱ्यासाठी एक धागा देतो. २००८ मध्ये रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी औषधं देतानाच्या बारकोड प्रणालीचा अभ्यास केला. नर्सेस प्रणालीला बगल देऊन काम कसं उरकतात याचे १५ प्रकार त्यांनी नोंदवले, आणि त्यामागची ३१ कारणं. नर्सेस आळशी असतात म्हणून हे होतं, असं त्यांनी म्हटलं नाही. न वाचता येणारे बारकोड, संपलेली बॅटरी, तुटणारं वायरलेस, अशी कारणं निघाली. तुमचा प्रश्न याच्या पुढचा आहे, कारण तुम्ही पाळीबदलाच्या वेळच्या बोलण्याकडे बघताय. त्या अभ्यासक्रमाच्या नावात 'संवाद' आहे, मग तेच ठळक करा. तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे लेख वाचा आणि कुणाचं काम तुमच्या प्रश्नाला लागून आहे ते एका परिच्छेदात लिहा.

एक सावधगिरी. कामावर असताना जे पाहिलं ते प्रेरणा म्हणून लिहा, संशोधनाची माहिती म्हणून नको. नर्सेसच्या मुलाखती घ्यायच्या तर आधी विद्यापीठाच्या आयआरबीची (माणसांवरचं संशोधन तपासणारी समिती) मंजुरी लागेल, रुग्णालयाचीही वेगळी लागू शकते. रुग्णांच्या नोंदींना हात लावायचा तर रुग्णांची माहिती गोपनीय ठेवायला लावणारा १९९६ चा हिपा कायदा आहेच. हे तुम्हाला माहीत आहे, असं निबंधात एका वाक्यात दिसू द्या.

प्रतिसाद २

नावाचं अडत नाही, पण कागद आधीच जमवा. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत जोडा. राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर तेही. बी.एससी. तीन वर्षांची असल्यामुळे ती एकटी पाठवू नका, एम.सी.ए.सोबत दोन्हीचं विषयवार मूल्यांकन करून घ्या. कुठल्या संस्थेचं मूल्यांकन चालतं ते प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारा, बहुतेक ठिकाणी नेसेसच्या (परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांचा संघ) सदस्य संस्था चालतात. भारतातल्या विद्यापीठाने गुणपत्रिका सीलबंद पाकिटात थेट पाठवायच्या असतात. घरचं कुणी खिडकीवर उभं राहिल्याशिवाय माझं पाकीट हललं नव्हतं, म्हणून हे काम आजच सुरू करा.

फीचंही बघा. कंपनीने शिक्षणासाठी दिलेली रक्कम वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते. तुमच्या एचआरकडे योजना आहे का, विचारा.

प्रतिसाद ३

शिफारसपत्राबद्दल: एक तुमच्या साहेबांचं घ्या. दुसरं त्या वॉर्डच्या प्रमुख नर्सचं मिळतंय का बघा. तुम्हाला तिथे दार उघडं आहे, हे त्या पत्रातूनच कळेल. तुमचं लेखन वाचलेलं कुणी असेल तर तिसरं त्यांचं.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. प्रमुख नर्सचं मला सुचलंच नव्हतं. आज दुपारी जाऊन विचारलं, लगेच हो म्हणाल्या. गुणपत्रिकांसाठी भाऊ सोमवारी तिकडच्या विद्यापीठात जातोय. कॉपेल यांचा लेख काल रात्री वाचून काढला, समासात टिपणं झाली आहेत.

नव्या खर्ड्याची सुरुवात अशी केली आहे, कृपया बघा:

"पाळी बदलताना दोन नर्सेस एका चिकटपट्टीकडे बघून बोलत होत्या आणि मी तयार केलेला स्क्रीन त्यांच्या शेजारी उघडा होता. त्या पट्टीवर काय मावतं आणि माझ्या स्क्रीनवर काय मावत नाही, हे मला शोधायचं आहे."

हे इंग्रजीत नेताना फार ललित होतंय का? पूर्ण खर्डा दोन पानांचा आहे. कुणाला वाचायला वेळ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारपर्यंत पाठवते.